राजसा निजला की गेला? एका गाण्याच्या अर्थाचा तपास

अमरावती जिल्ह्यात गाण्याचा अर्थ लावण्याच्या दोन रीती नांदतात. एक धारणीकडची. दुसरी मोबाइलवरून आलेली, आणि अमरावतीतच जन्मलेल्या एका कवीच्या गाण्याला चिकटून बसलेली. या दुसऱ्या रीतीने त्या गाण्याचे काय करून ठेवले, त्याचा हा धागा. थोडा लांबेल, पण वाटेत तीन युद्धे, एक पंचांग, गोदाकाठची एक चतुर स्त्री आणि अमेरिकेची एफबीआय अशी सगळी मंडळी भेटतील.

आधी धारणी. मेळघाटातला हा तालुका म्हणजे तापीचे खोरे, सागाची जंगले आणि कोरकूंची वस्ती. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. भोवती मराठी आणि हिंदी असली तरी ही भाषा मुंडा कुळातली. तिची सख्खी भावंडे मुंडारी आणि संथाळी दूर झारखंडाकडे बोलली जातात. नाचाला कोरकूत ‘सुसुन’ म्हणतात आणि रांचीकडच्या मुंडारीतही ‘सुसुन’च म्हणतात. मधले अंतर सुमारे नऊशे किलोमीटरांचे आहे.

या मुलखात गाणे प्रसंगाला बांधलेले असते. होळीचे दिवस आले की रस्त्यावर वाहने थांबवून, नाचत-गात फगवा मागितला जातो. स्त्रियांच्या गदली नाचाची गाणी वेगळी, लग्नातली वेगळी. मृताच्या आत्म्याला पूर्वजांत पोहोचवणारा सिडोलीचा विधी आणखी वेगळा. त्यात सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला लाकडी खांब उभारतात. त्याला ‘मुंडा’ म्हणतात. शब्द कानांवर पडण्याआधीच ऐकणाऱ्याला ठाऊक असते, हे गाणे कुणासाठी आणि कशासाठी आहे. फगव्याचे गाणे सिडोलीचे समजण्याची चूक तिथे होणार नाही.

ध्वनिमुद्रिकेने आणि रेडिओने हा बंध सोडवला. गाणे कधीही, कुठेही, कुणालाही ऐकू येऊ लागले. सकाळी दाढी करताना रात्रीचे गाणे, बसमध्ये लग्नाचे गाणे. कोण कुणाला म्हणते आहे, हे सांगणारे सभोवताल गळून पडले. ती रिकामी जागा भरायला मग गोष्टी आल्या.

त्यांतली मराठीतली बहुधा सर्वांत यशस्वी गोष्ट ‘तरुण आहे रात्र अजूनी’ या गाण्याची. शब्द सुरेश भटांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर आशा भोसले यांचा. कित्येक वर्षे व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा गाभा असा : लोक या गाण्याला शृंगारगीत समजतात, पण ते चुकतात. युद्धात धारातीर्थी पडलेल्या जवानाचे पार्थिव घरी आले आहे. त्याची तरुण पत्नी त्या पार्थिवाशेजारी बसून, तू इतक्यात का निजलास, असे विचारते आहे. संदेश वाचून अंगावर काटा येतो. काटा आलेला माणूस तपासत बसत नाही, पुढे पाठवतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तपासले पाहिजे. पहिला प्रश्न नेहमीचा : हे सांगणारा कोण, आणि त्याला कसे कळले? फिरत्या संदेशात जवानाचे नाव नसते, गाव नसते, कवीने हे कधी आणि कुठे सांगितले याचा पत्ता नसतो. साक्षीदार नसलेला हा दावा आहे. पण तेवढ्यावर तो फेटाळणेही घाईचे होईल. अनामिक सांगीव गोष्टही कधी खरी निघते. म्हणून गाण्याकडेच जावे.

नायिकेच्या पहिल्याच तक्रारीत एक बारीक तपशील आहे. तो नुसता निजलेला नाही, तर इतक्यातच पलीकडच्या कुशीवर वळला आहे. कूस बदलणे हे झोपेत शिरणाऱ्या जिवंत माणसाचे काम. पार्थिव कूस बदलत नाही. सगळा संदेश या एका क्रियापदावर अडखळतो, आणि ते क्रियापद गाण्याच्या आरंभीच बसलेले आहे. इतक्या लोकांनी हे गाणे शेकडो वेळा ऐकूनही ते निसटले, याचे नवल वाटते.

मग संदेशाला बळ मिळाले कुठून? ‘विझणे’ आणि ‘मिटणे’ या दोन क्रियापदांतून. आकाशातल्या तारका अजून तेवताहेत, मी विझलेले नाही, मग तू कसा विझलास, असे ती विचारते. मी उमलते आहे आणि तू मिटलास, असेही म्हणते. एकटी काढून पाहिली तर ही क्रियापदे मरणाकडे झुकतात, हे खरे. पण गझलेत ती एकटी येत नाहीत.

इथे थोडे तंत्र आवश्यक आहे. भटांनी मराठी गझलेचे व्याकरण नव्या कवींना कळावे म्हणून ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. तिच्या आधारे पाहिले तर हे गाणे गझलेच्या बांध्याचे आहे. ‘का रे’ हा प्रत्येक शेराच्या शेवटी परतणारा रदीफ, आणि त्याच्या आधी ‘निजलास’, ‘वळलास’ अशी यमके, म्हणजे काफिया. एकदा पहिल्या द्विपदीत हा साचा ठरला की कवीला पुढे प्रत्येक शेरात ‘लास’ने संपणारे, पुरुषाला उद्देशलेले भूतकाळी क्रियापद हवे. विषय ‘अवेळी झोपी जाणे’ हा असेल, तर मराठीत कोणती क्रियापदे हाताशी येतात? विझलास, मिटलास. साचाच ती मागतो. शिवाय उर्दू गझलेत रात्रभर जळणारी आणि पहाटे विझणारी शमा शतकानुशतके तेवत आली आहे. ज्या कवीने उर्दू गझल पचवून ती मराठीत रुजवली, त्याच्या शब्दांत ज्योत विझणे येणारच. त्यासाठी मृत्यूची बातमी लागत नाही.

तिसरा पुरावा सर्वांत गोड आहे. गाण्यातली रात्र कुठलीही नाही. ती कोजागरीची आहे. या चांदण्याला मी काय सांगू, असे नायिका विचारते. कोजागरी हे नाव ज्या प्रश्नातून आले, तो प्रश्न आहे ‘को जागर्ति?’, म्हणजे कोण जागे आहे? त्या रात्री लक्ष्मी हाच प्रश्न विचारत फिरते, अशी समजूत. म्हणून घरोघरी आटीव दुधाचे पातेले चांदण्यात ठेवून जागरण होते. वर्षातल्या ज्या एका रात्री जागायचे, त्या रात्री हे महाशय घोरत पडले आहेत. तक्रारीतली सारी मौज या विसंगतीत आहे. तिथे पार्थिव ठेवले की कोजागरीला काही कामच उरत नाही. कुठलीही पौर्णिमा चालली असती.

कोजागरीचा उल्लेख आहे तर पंचांग काढून पाहायला काय हरकत आहे? भारत-चीन युद्ध २० ऑक्टोबर १९६२ रोजी पेटले. त्या वर्षीची आश्विन पौर्णिमा १३ ऑक्टोबरची, म्हणजे आठवडाभर आधीची. १९६५ च्या युद्धात शस्त्रसंधी २३ सप्टेंबरला झाली. पौर्णिमा त्यानंतर, १० ऑक्टोबरच्या सुमारास. १९७१ चे युद्ध ३ ते १६ डिसेंबर. कोजागरी तेव्हा दोन महिने मागे पडलेली. तिन्ही युद्धांपैकी एकाच्याही काळात कोजागरीची रात्र आली नाही. हा पुरावा निर्णायक मानू नये. युद्धाआधी आणि नंतरही चकमकी होतात, जखमी जवान नंतरही जातात, आणि कवी पंचांगाला बांधील नसतो. पण ‘सत्य घटना’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीला तारखेची परीक्षा द्यावीच लागते.

त्याहून मोठी अडचण घरी आलेल्या पार्थिवाची आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांत वीरगती मिळालेल्या बहुतेक जवानांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी यायची ती तार, आणि नंतर फार तर त्याच्या वस्तू. १९६२ मध्ये तर हिमालयाच्या बर्फातून कित्येकांचे देह हातीही आले नाहीत. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी गावात येणे, साऱ्या गावाने अंत्ययात्रेला लोटणे, हे दृश्य सर्वत्र रूढ झाले १९९९ च्या कारगिल युद्धापासून, आणि दूरचित्रवाणीने ते घराघरांत नेले. भटांचे गाणे कारगिलच्या कितीतरी आधीचे आहे. म्हणजे संदेशातली कल्पना गाण्यापेक्षा वयाने लहान आहे. जुन्या चित्रात नव्या धाटणीची पगडी दिसावी, तशी ही खूण.

अशा उशिरा जन्मलेल्या अर्थांचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘रिंग अ रिंग ओ’ रोझेस’ हे इंग्रजी बालगीत. ते लंडनच्या १६६५ च्या प्लेगवर आहे, असे शाळांतूनही ठोकून दिले जाते : फुलांचे कडे म्हणजे अंगावरचे चट्टे, शिंक म्हणजे लक्षण, पडणे म्हणजे मरण. पण इंग्लंडमध्ये हे गीत छापले गेले १८८१ मध्ये, आणि प्लेगशी त्याचे नाते जोडणारे लेखन पसरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. बालगीतांचे संशोधक आयोना आणि पीटर ओपी यांनी त्यावर शंका घेतली. वर्णन प्लेगच्या लक्षणांशी नीट जुळतही नाही. तरी गोष्ट मरत नाही. नाचाच्या खेळात मृत्यू दडलेला आहे, ही कल्पनाच इतकी भुरळ घालते.

एफबीआयची गोष्ट उलट्या टोकाची. १९६३ मध्ये ‘द किंग्जमेन’ या बँडने ‘लुई लुई’ हे गाणे गायले. उच्चार इतके अस्पष्ट की त्यात अश्लील मजकूर आहे, अशी आवई उठली. तक्रार थेट अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलकडे गेली. तपासयंत्रणेने तबकडी वेगवेगळ्या गतींनी वाजवून ऐकली आणि अखेर, कुठल्याही गतीला शब्द कळत नाहीत, असा निष्कर्ष काढला. मूळ कवी रिचर्ड बेरी याने तेच गाणे १९५७ मध्ये स्वच्छ शब्दांत गाऊन ठेवले होते : एक खलाशी प्रेयसीकडे परत निघाला आहे, एवढेच. मूळ संहिता उघडून पाहण्यापेक्षा तर्क लढवणे यंत्रणांनाही अधिक आवडते.

मराठी मुलखात मात्र गाण्याला गोष्ट जोडण्याची परंपरा फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा, प्रत्येक अवघ्या दोन ओळींची. कोण बोलते, कुणाशी, कुठे, काही सांगितलेले नाही. मग गंगाधर भट्टासारखे टीकाकार पुढे आले. त्यांनी गाथेगाथेला प्रसंग पुरवला : हे दूती नायकाला म्हणते आहे, हे सखी नायिकेला बजावते आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये काढलेल्या मराठी आवृत्तीमुळे हा सारा खजिना मराठी वाचकाच्या हाती आला.

त्यातल्या एका गाथेवर तर भारतीय काव्यशास्त्राचा मोठा सिद्धांत उभा आहे. गोदावरीच्या काठी एक धार्मिक गृहस्थ रोज फुले तोडायला येतो. तिथे एक स्त्री त्याला सांगते, की तुम्ही ज्या कुत्र्याला भीत होतात त्याला आज मारले गेले, आता खुशाल फिरा. मारले ते नदीकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने. शब्द म्हणतात, या. अर्थ म्हणतो, चुकूनही येऊ नका. कारण ती जाळी तिच्या संकेताची जागा आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली.

इथे गूढ अर्थ आहे, आणि तो शब्दांतूनच वर येतो. कुत्र्याला भिणाऱ्याला सिंहाची बातमी देणे, या विसंगतीतच किल्ली आहे. व्हॉट्सअॅपचा संदेश लिहिणारा हा गंगाधर भट्टाचाच दूरचा वारस म्हणावा लागेल. पण टीकाकार गाथेचा प्रत्येक शब्द वापरून प्रसंग रचतो, आणि याला वळलेली कूस व कोजागरी दोन्ही लपवावी लागतात.

दडलेला अर्थ ऐकणाऱ्यांना खरोखर कळतो तेव्हा काय होते, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. यावलीत १९०९ मध्ये जन्मलेले आणि मोझरीत गुरुकुंज उभारणारे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजने गात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटले. महाराजांच्या भजनांत देव होता, भक्त होते, आणि भक्तांची सेनाही होती. गर्दीला ती कुठली सेना ते कळले, सरकारलाही कळले. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत राहावे लागले. त्या भजनांचा अर्थ सिद्ध करायला पंचाहत्तर वर्षांनी आलेल्या संदेशाची गरज नाही. समकालीनांची साक्ष आहे, आणि विरोधी पक्षाची साक्ष तर अधिकच मोलाची.

विदर्भातल्याच दुसऱ्या कवीचे एक गाणे भटांच्या गाण्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. माणिक गोडघाटे, म्हणजे नागपूरचे ग्रेस. मराठीत दुर्बोध म्हणून ज्यांचे नाव आधी घेतले जाते, ते. ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ हे त्यांचे गाणे हृदयनाथांनी स्वरबद्ध करून गायले आणि ते ‘निवडुंग’ या १९८९ च्या चित्रपटात आले. पहिले शब्द ऐकून असंख्य प्रेमिकांनी ते आपल्या विरहाला लावले. इथे लोकांत फिरणारी दुरुस्ती खरी आहे : ही जाणारी स्त्री प्रेयसी नाही. पण ते सिद्ध करायला कुठल्याही कहाणीचा आधार लागत नाही, कारण कवितेत ‘आई’ हा शब्द उघड लिहिलेला आहे, आणि त्याच क्षणी बालपण संपल्याची जाणीवही. दुर्बोध कवीने सरळ सांगितले, ते लोकांनी ऐकले नाही. आणि सुबोध कवीने न सांगितलेले मात्र सर्वांना ऐकू आले.

ग्रेसांचेच ‘भय इथले संपत नाही’ दूरदर्शनवरच्या ‘महाश्वेता’ मालिकेचे शीर्षकगीत झाले, आणि एका पिढीसाठी त्याचा अर्थ त्या मालिकेतल्या नायिकेच्या वाट्याला आलेले भय एवढाच ठरला. हे गैर नव्हे. गाण्याला प्रसंग हवा असतो. मालिकेने तो दिला, धारणीत होळी देते तसा. फक्त मालिकेने तो मूळचा असल्याचा दावा केला नाही.

आता पुन्हा भटांकडे. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्म. लहानपणी पोलिओने पाय अधू केला. कवितेची ओढ आईकडून आली. ‘रूपगंधा’ १९६१ मध्ये, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये, ‘एल्गार’ १९८३ मध्ये. १४ मार्च २००३ रोजी नागपुरात निधन. समाजाच्या दांभिकतेवर त्यांनी आयुष्यभर कोरडे ओढले. जवानाच्या विधवेवर लिहायचे असते, तर ते लपवून लिहिण्याचे त्यांना काही कारण नव्हते. ज्याला जे म्हणायचे ते मंचावरून ठणकावून म्हणायची सवय होती, त्याच्या माथी इतके भित्रे रूपक मारणे अन्यायाचे आहे.

आणि इथेच या गोष्टीची खरी गरज कुणाला पडली, तो प्रश्न उभा राहतो. गाण्यात एक स्त्री आपली इच्छा बोलून दाखवते. लाजत नाही, आडवळण घेत नाही, निजलेल्या पुरुषाला जाब विचारते. आशाबाईंच्या आवाजात ती मागणी स्वच्छ ऐकू येते. कार्यक्रमात, घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर हे ऐकताना अनेकांना अवघडते. तिला विधवा केले की अवघडलेपण संपते. तिची इच्छा शोक होते, पलंग चौथरा होतो, आणि डोळे पुसत गाणे ऐकता येते. संदेशाचा आरंभच ‘लोक याला शृंगारगीत समजतात’ अशा खंतीने होतो, हे लक्षात घ्यावे. शृंगार असणे हाच त्याच्या लेखी दोष आहे.

वस्तुतः मराठीला ही स्त्री नवी नाही. गाथेतली गोदाकाठची स्त्री तिची आजी. पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या लावण्यांत ती फडावर उभी राहून हेच बोलत होती. ‘राजसा’ हे संबोधनही लावणीच्या अंगणातलेच. भटांनी तिला लावणीच्या फडातून उचलून गझलेच्या बैठकीत आणले, हे त्यांचे कर्तृत्व. तिथून तिला स्मशानात नेण्याचे काम नंतरच्यांनी केले.

जाता जाता, विझण्याचा हट्ट धरणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. याच कवीचे, याच संगीतकाराचे, लता मंगेशकरांच्या आवाजातले ‘मालवून टाक दीप’ हे गाणेही रात्रीचे आहे, दिव्याचे आहे आणि स्त्रीच्याच तोंडचे आहे. त्यात दिवा मालवायला सांगणारी ती स्वतःच आहे, आणि का, तेही ती लगेच सांगते. त्या दिव्याशेजारी अजून तरी कुणी पार्थिव आणून ठेवलेले नाही.